नात्याचा रकाना

सुमंगला एका म्हाताऱ्याला श्वास रोखून धरायला सांगत होती, तेव्हा तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशातला फोन थरथरला. देवासला ए.बी. रोडवरच्या एका तपासणी केंद्रात ती एक्स-रे काढायची. दिवसाकाठी चाळीस-पन्नास छात्या. “साँस अंदर, रोको,” म्हणायचं, काचेमागे जाऊन बटण दाबायचं, “छोड़ो” म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. सोळा वर्षं हेच. रविवारी केंद्र अर्धाच दिवस उघडं असे, त्यामुळे गर्दी दुप्पट. तिने बटण दाबलं, फोन काढून पाहिला, नंबर मुंबईकडचा होता, अनोळखी, आणि त्या नंबराकडे बघता बघता ती म्हाताऱ्याला सोडा म्हणायचं साफ विसरली. माणूस मोठा आज्ञाधारक. पीपलरावांहून पहाटेची बस धरून खोकला दाखवायला आलेला. तो छाती फुगवून, डोळे मिटून तसाच उभा, कानापर्यंत लाल झालेला. शेवटी त्याला खोकल्याची उबळ आली आणि त्याने स्वतःच स्वतःची सुटका करून घेतली. सुमंगलाने त्याची दोनदा माफी मागितली. फोन तोवर बंद झाला होता.

तो पुन्हा आला तेव्हा ती बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. बोलणारी मुलगी होती, मोना नावाची, कुठल्याशा प्रवास कंपनीतली, आणि तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की सुमंगलाने कठडा धरला. “आप शार्दूल मोहिते जी की वाइफ बोल रही हैं ना?” इंदूरच्या कोर्टात दोघांनी घटस्फोटाच्या कागदांवर शेजारी शेजारी सह्या केल्या त्याला येत्या वैशाखात तीन वर्षं होणार होती. त्यानंतर सहा महिन्यांतच शार्दूलने पुण्यात रुचीशी लग्न केलं होतं आणि त्या लग्नाचे फोटो सुमंगलाला तिच्याच मावसबहिणीने, तुला कळलेलं बरं म्हणून, पाठवले होते. तेव्हा नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. चुकीचा नंबर आहे म्हणून फोन ठेवता आला असता. तिने म्हटलं, “हाँ, बोलिए.”

मोनाने सांगितलं ते असं. सर काल मालदीवला बोटीवर पोचले, सात दिवसांची सहल, बोट आज संध्याकाळी दक्षिणेकडच्या लांबच्या बेटांकडे निघेल आणि मग तिथे फोनला रेंज नाही. पण काल सरावाच्या डुबकीनंतर सर वर आले ते खूप खोकत आले. बोटीवरच्या प्रशिक्षकाने विचारलं, तर सर म्हणाले सर्दी आहे. फॉर्मवर श्वासाच्या आजाराच्या सगळ्या प्रश्नांपुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. तरी शंका आली की घरी विचारून घ्यायचं असा नियम आहे, आणि तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं तिथे मॅडमचं नाव आहे, नात्याच्या रकान्यात ‘वाइफ’ आहे. म्हणून एवढंच विचारायचं होतं, की सरांना दमा, धाप लागणं, पंप घ्यावा लागणं, लहानपणी का होईना, असं कधी काही झालंय का? मोना हे सगळं कागदावरून वाचत असावी, कारण तिचा आवाज प्रश्नागणिक एकसारखा खाली-वर होत होता.

सुमंगलाला काय माहीत नव्हतं? शार्दूल दोन उशांवर झोपतो. तिरल्याच्या घरच्या शेतात सोयाबीनची मळणी सुरू झाली की तो त्या बाजूला फिरकत नाही आणि विचारलं तर ऑफिसचं काम सांगतो. दाढीच्या सामानाच्या पिशवीत, ब्रशाच्या खाली, निळा पंप असतो, आणि तो ओढताना तो न्हाणीघराचा नळ सोडून ठेवतो, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. मोहित्यांच्या घरात पुरुषाला धाप लागते हे कुणाला कळणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. सासरे मानसिंगराव तर औषधाचा पंप दिसला की तोंड फिरवत. कार्तिकातल्या थंडीत रात्री त्याची छाती कशी शीळ घालते, आणि तेव्हा त्याला पाठीशी हात लावून बसवावं लागतं, नुसतं बसवून ठेवावं लागतं, काही बोलायचं नसतं, हे जगात दोनच बायकांना माहीत होतं आणि त्यातली एक, त्याची आई, धारला बसून होती. हे सगळं जाणणारी बाई जिन्यात उभी राहून म्हणाली, “नहीं जी. कभी नहीं.” मोनाला हायसं वाटलं. तिने थँक्यू म्हटलं, तकलीफ दिल्याबद्दल सॉरी म्हटलं, आणि फोन ठेवला. एकूण तीन मिनिटंही लागली नसतील.

त्या दुपारी सुमंगलाला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. लाज वाटावी असा, चव्वेचाळीस वर्षांच्या, शहाण्या म्हणवणाऱ्या बाईला अजिबात न शोभणारा आनंद. रिसेप्शनवरच्या अंकितने विचारलंसुद्धा, “क्या बात है दीदी, आज बड़े खुश हो?” त्यावर तिने काहीतरी थातूरमातूर सांगितलं. शार्दूलने माझं नाव लिहिलं. पुण्यात बायको आहे, भाऊ आहे, दोस्तांची फौज आहे, आणि काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवू असं विचारल्यावर त्याच्या हाताने माझं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात, कुणी पाहत नसताना, खरं नातं लिहिलं. ती घरी आली, भात टाकला, तो करपला, करपलेला भात तिने गुपचूप खाल्ला. खिडकीतून टेकडी दिसत होती, देवीच्या पायऱ्या चढणारी माणसं दिसत होती, आणि ती मनातल्या मनात एका बोटीवर चढत होती.

नऊ वर्षांपूर्वी ती दोघं अशाच बोटीवर सात दिवस राहिली होती, त्याच समुद्रात. शार्दूल तेव्हा पीथमपूरच्या एका कारखान्यात होता आणि तिथल्या कुठल्या साहेबाने मोबाइलवर समुद्राच्या तळाचं काहीतरी दाखवल्यापासून त्याने तो ध्यासच घेतला होता. धारच्या मोहित्यांचा पाण्याशी संबंध म्हणजे वर्षातून एकदा नर्मदा, तीही काठावर बसून लोट्याने. सुमंगला पस्तिसाव्या वर्षी इंदूरच्या तलावात बायकांच्या बॅचला जाऊन पोहायला शिकली, नाकातोंडात पाणी गेलं की रडायची आणि पुन्हा उतरायची. घरी सांगितलं केरळला जातोय. बोटीवरच झोपायचं, बोटीवरच जेवायचं, घंटा वाजली की पांढऱ्या फळ्यापुढे जमायचं, तिथे प्रशिक्षक समुद्राच्या पोटाचा नकाशा काढून दाखवायचा, आणि मग पाठीला हवेचा सिलिंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, असं दिवसातून तीनदा, कधी चारदा, पाण्यात उतरायचं. प्रत्येकाला एक जोडीदार. उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचा एकेक पट्टा, एकेक नळी हात लावून बघायची, त्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही, असा दंडक. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण शार्दूलने तिला इतकं लक्ष देऊन कधी न्याहाळलं नव्हतं. ती सवयीने अहो म्हणाली तर तो हसला. “इथे कोण आहे धारचं? तू म्हण.” पहिले दोन दिवस तिची जीभ वळेना. पाण्याखाली बोलताच येत नाही, तिथे अहो नाही आणि अगंही नाही, नुसते हाताचे इशारे, आणि बहुतेक तिथेच ती आधी त्याला तू म्हणायला शिकली. प्रवाळाच्या भिंतीवर पोपटमासे दगड कुरतडत असायचे, त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू यायचा, शेजारी बसून कुणी शेव खावी तसा. बाकी सगळा आवाज आपल्या श्वासाचा. आत, बाहेर. आत, बाहेर. पाण्याखालचा पहिला नियम हा की श्वास रोखायचा नाही. काहीही होवो, श्वास चालू ठेवायचा.

तो फॉर्म तेव्हाही होता. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या हातात दिला होता, वीसेक प्रश्न, त्यातले निम्मे छातीचे. एका जरी प्रश्नाला हो लिहिलं तर डॉक्टरांचं पत्र मागणार, पत्र नसेल तर सात दिवस डेकवर बसून दुसऱ्यांचे ओले कपडे मोजायचे. शार्दूलचं पेन दम्याच्या ओळीवर थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत जे होतं ते तिला अजून आठवत होतं. जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला, तू अजून लहान आहेस, असं कुणी सांगणार असेल तेव्हा ते आईकडे बघतं तसं. “नाही लिही,” ती म्हणाली. तेच तिचं पहिलं तू, नकळत निसटलेलं, पुढे दोन दिवस ते पुन्हा आलं नाही. तातडीच्या संपर्कात त्याने तिचंच नाव लिहिलं होतं, पण कंपनीची माणसं म्हणाली, त्या तर तुमच्याबरोबरच बुडतील, किनाऱ्यावरचं कुणी द्या. सगळे हसले. मग त्याने ते खोडून मानसिंगरावांचं नाव घातलं. मानसिंगराव आता नाहीत. आणि ती आता किनाऱ्यावर होती.

चौथ्या दिवशी बुडालेलं जहाज होतं. मालाचं जहाज, अठ्ठावीस मीटर खाली वाळूवर सरळ बसलेलं, जणू कुणी मुद्दाम ठेवून गेलं होतं. त्याच्या जिन्यांच्या कठड्यांवर नारिंगी, मऊ प्रवाळ उगवला होता. स्वयंपाकघरात लोखंडी चूल जागच्या जागी होती आणि तिच्या तोंडातून एक लांबोडका मासा बाहेर बघत होता. सुमंगलाला वाटलं, इथे कुणीतरी भाकऱ्या केल्या असतील, निदान पाव भाजले असतील, आणि तिला त्या माणसांचं वाईट वाटलं. तिने हे शार्दूलला दाखवायला मागे पाहिलं तेव्हा त्याचे बुडबुडे फार घाईने निघत होते. मग त्याने तिचं मनगट पकडलं. काचेमागचे त्याचे डोळे तिला ओळखत नव्हते. तिने त्याला जहाजाबाहेर काढलं, दोराच्या कडेकडेने सावकाश वर आणलं, आणि पाच मीटरवर, जिथे तीन मिनिटं थांबावंच लागतं, तिथे तो वर सुटायला धडपडू लागला तर त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. डोळ्यांत डोळे घालून ती त्याला हाताने दाखवत राहिली, आत, बाहेर, आत, बाहेर. दिवसभर लोकांना श्वास रोखायला लावणारी बाई तिथे एकाला तो रोखू देत नव्हती. केबिनमध्ये आल्यावर त्याने नळ सोडला, पंप ओढला, आणि मग जमिनीवर बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. “कुणाला सांगू नकोस हं, सुमा.” जेवताना प्रशिक्षकाने तिला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, त्यांच्या मास्कमध्ये पाणी गेलं होतं. शार्दूलने टेबलाखाली तिच्या पावलावर पाऊल ठेवलं आणि जेवण होईपर्यंत तसंच ठेवलं. बोहल्यावर, गृहप्रवेशाला, कधीच तिला तसं वाटलं नव्हतं. आपलं लग्न झालंय हे तिला त्या जेवणाच्या टेबलावर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याचे पट्टे तपासले आणि तो पुन्हा उतरला.

सोमवारपासून तिने दोन घड्याळांत राहायला सुरुवात केली. मालदीवचं घड्याळ अर्धा तास मागे. कंपनीच्या वेबसाइटवर सातही दिवसांचा कार्यक्रम होता आणि तिने तो इतक्यांदा वाचला की पाठ झाला. इथे सात वाजता ती कुकर लावायची तेव्हा तिथे साडेसहाची पहिली डुबकी. इथे साडेअकराला गर्दी ऐन भरात असायची तेव्हा तिथे दुसरी. मंगळवारी प्रवाळाची बाग, बुधवारी मोठ्या माशांची खिंड, शुक्रवारी बुडालेलं जहाज. ती “रोको” म्हणायची आणि बटणावरचं बोट क्षणभर थांबायचं. आनंद अजून होता, पण आता त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. दम्याच्या माणसाची हवा छातीत अडकून राहते, आणि पाण्यातून वर येताना हवा फुगते, जितकं वर याल तितकी फुगते. हे त्या वेळी प्रशिक्षकाने फळ्यावर फुगा काढून समजावलं होतं. फुग्याचं पुढे काय होतं ते तिला फळ्यावर बघायची गरज नव्हती. फुटलेल्या फुप्फुसाचे फोटो तिने कितीतरी काढले होते. एका बाजूला फासळ्यांमागे नुसता काळा रंग असतो आणि फुप्फुस मुठीएवढं होऊन मधे चिकटलेलं असतं. अशा माणसाला ती स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वर डॉक्टरांकडे पळवत न्यायची. असा विचार आला की ती दुसरा विचार काढायची, की तो आता जपत असेल, की लहानपणचं दुखणं वयाबरोबर जातं, की नऊ वर्षांत औषधं सुधारली. आणि या सगळ्याच्या खाली तो रकाना होता. मोनाला फोन करून खरं सांगितलं तर तो वर डेकवर बसेल, जिवंत राहील, आणि कुणी सांगितलं हे त्याला कळेल. मग तो तो रकाना खोडेल. एवढाच हिशेब होता आणि तो तिला पुरता समजत होता.

गुरुवारी ती धारला गेली. दर पंधरवड्याला जायची, इंदूरला बस बदलून, भवानीबाईंच्या, म्हणजे शार्दूलच्या आईच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. कागदावर त्या आता तिच्या कुणी नव्हत्या, पण भवानीबाई कोर्टाचे कागद मानत नसत. त्यांच्या लेखी लग्न देवाब्राह्मणांसमोर झालं होतं आणि मोडायचं तर त्यांनीच मोडावं. लालबागेजवळच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. अजून साडीचा पदर डोक्यावर, अजून सगळ्यांशी दरबारी बोलणं. सुमंगला वाकून पाया पडली तशा त्या म्हणाल्या, “यावं सूनबाई. चिरंजीवांचा फोन नाही चार दिवस. हैदराबादेस ट्रेनिंगला गेलेत म्हणे.” सुमंगलाने होय म्हटलं, ट्रेनिंगमध्ये फोन बंद ठेवतात म्हणून सांगितलं, आणि गोळ्या डबीत भरू लागली. खोटं किती सहज निघालं याचं तिला नवल वाटलं नाही. मग भवानीबाई म्हणाल्या, परगावी गेले की जीव टांगणीला लागतो, पौषातलं अजून ताजं आहे.

“पौषातलं काय, आईसाहेब?”

“तुम्हांस ठाऊक नाही?” भवानीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “दोन दिवस पुण्यास दवाखान्यात होते. श्वास अगदी कोंडला. ऑक्सिजन लावला होता. रुचीचा फोन आला, ती बिचारी रडत होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर होता तर कठीण होतं.”

सुमंगलाला पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं, आणि याबद्दल तिने स्वतःला नंतर कधी क्षमा केली नाही. तिला पहिल्यांदा वाटलं, मला कुणी सांगितलं नाही. त्याची छाती कोंडली आणि त्याच्या पाठीशी दुसऱ्याच कुणाचा हात होता. कार्तिकातल्या सगळ्या रात्री तिने ज्याची राखण केली होती ते दुखणं आता दुसरीच्या ताब्यात गेलं होतं, दुसरी त्यासाठी रडत होती, डॉक्टरांशी बोलत होती. हातातली गोळी जमिनीवर घरंगळली आणि ती वाकून शोधू लागली, बराच वेळ शोधत राहिली, आणि पलंगाखाली डोकं असतानाच तिला दुसरी गोष्ट कळली. दोन महिन्यांपूर्वी ऑक्सिजनवर असलेला माणूस या घटकेला वीस मीटर पाण्याखाली आहे आणि तो तिथे माझ्या एका नाहीमुळे आहे.

भवानीबाईंनी जेवायला थांबवलं, पण ती थांबली नाही. धारच्या बसस्टँडवर, भर दुपारी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहून तिने मोनाला फोन लावला. मांडूच्या गाडीवाले ओरडत होते. मोनाने ओळखलं, आवाजात आपुलकी आली. बोट अजून रेंजमध्ये नाही, शनिवारी सकाळी येईल, पण सॅटेलाइट फोन आहे, मॅडमना काही निरोप द्यायचा असेल तर दहा मिनिटांत पोचवता येईल. “कुछ ज़रूरी था मैडम?” सुमंगलाच्या तोंडात वाक्य तयार होतं. हिंदीत तयार होतं, तिने ते बसस्टँडपर्यंत चालताना तीनदा घोकलं होतं. उनको दमा है, उनको मत उतरने दीजिए. सात-आठ शब्द. पलीकडे मोना वाट बघत होती. आणि त्या वाट बघण्यात सुमंगलाला शार्दूलचा चेहरा दिसला, डेकवर बसलेला, सगळे पाण्यात गेलेले आणि हा एकटा, आणि त्याच्या मनात आपलं नाव, पण आता चुगली करणारीचं. तिने सांगितलं असतं तर ती त्याची कोण राहिली असती? जगातल्या इतर सगळ्यांसारखी एक. “नहीं,” ती म्हणाली, “बस ऐसे ही. खाना-वाना ठीक मिल रहा है ना उनको?” मोना मनापासून हसली. म्हणाली, आप जैसी वाइफ सबको मिले मैडम. सुमंगला बसमध्ये चढली, खिडकीशी जागा मिळाली, आणि इंदूर येईपर्यंत ती दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली.

शुक्रवार कसा गेला हे सांगण्यात अर्थ नाही. ती कामावर गेली, एकाच्या चुकीच्या बाजूच्या हाताचा एक्स-रे काढला, डॉक्टरांचं बोलणं खाल्लं. अडीचला, म्हणजे तिथे दोनला, जहाजावरची डुबकी होती. त्या तासात ती अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून राहिली आणि तिने त्याचे पट्टे तपासले, एकेक, हात लावून, नळी, बकल, वजनं, पुन्हा नळी. त्याला आत नेऊ नका, असं ती कुणाला तरी सांगत होती, त्या चुलीपर्यंत जाऊ नका. तिला आता स्वच्छ दिसत होतं की ती हे प्रेमापोटी करत नव्हती. प्रेम असतं तर ती गुरुवारीच बोलली असती. रुची बोलली असती. एका शब्दासाठी, तोही परक्या भाषेतला, परक्या कंपनीच्या कागदावरचा, तिने त्याचा जीव पणाला लावला होता, आणि अजूनही फोन उचलून ते बदलता येत होतं, आणि ती उचलत नव्हती. हे कळूनही तिला त्या शब्दाचा मोह सुटेना. तीन वर्षांत तिच्या वाट्याला आलेलं तेवढंच होतं. ती तिथे बसून रडली, आवाज न करता, जसं बायका लग्नघरात रडतात, आणि मग उठून तोंड धुऊन तिने पुढच्याला आत बोलावलं.

शनिवारी एक वाजता फोन वाजला आणि त्यावर त्याचंच नाव होतं. चौदा महिन्यांनी. ती जिन्यात धावली. आवाज बसलेला, उन्हाने भाजल्यासारखा, पण आनंदी. जिवंत. तिला पहिली काही वाक्यं ऐकूच आली नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता आणि ती तो तपासत होती. शीळ होती, बारीक, वाक्याच्या शेवटी. तो सांगत होता, सतरा डुबक्या झाल्या, मोठे मासे दिसले, एकदा तर डोक्यावरून गेले, आणि काल आपलं जहाज पाहिलं, सुमा, तस्संच आहे, ती चूलसुद्धा. आपलं म्हणाला. तिने भिंतीला डोकं टेकवलं.

मग तो म्हणाला, “मोनाने फोन केला होता ना तुला? मला वाटलंच होतं करतील. तू सांभाळलंस.”

तिने विचारलं. हा प्रश्न तिने सात दिवस तोंडात धरून ठेवला होता आणि त्याची सात उत्तरं तिला पाठ होती. “माझं नाव का दिलंत तुम्ही?”

“मग कुणाचं देणार?” त्याला खरोखरच नवल वाटलं. “रुचीचं दिलं असतं तर तिने पहिल्या फोनलाच सगळं सांगून टाकलं असतं. तिला खोटं बोलताच येत नाही, यार.” हे म्हणताना त्याचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा कुणासाठी आहे हे सुमंगलाला चटकन कळलं, कारण एके काळी तिने तो ओळखायला शिकण्यात वर्षं घालवली होती. “आणि वाइफ लिहिलं की ते पुढे खोदत बसत नाहीत.”

खाली रस्त्यावरून एक लग्नाची बस हॉर्न वाजवत गेली. 

“मला परवा कळलं,” ती म्हणाली. “पौषातलं. आईसाहेबांनी सांगितलं. मी मोनाला फोन केला होता.”

त्याने घाईने विचारलं, “काय सांगितलंस?”

“काही नाही.”

“कळल्यावरही?”

“कळल्यावरही.”

तिला वाटलं, आता तो समजेल. आता त्याच्या अंगावर काटा येईल, ही बाई मला मरू देत होती हे त्याला दिसेल, आणि तो ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल, काहीतरी संपेल. पण तो हसला. हळू, सुटकेचं, लाडाचं हसू, केबिनमधल्या नळाच्या आवाजाखाली हसायचा तसं. “बघ,” तो म्हणाला, “म्हणूनच तर तू.” मग त्याने सांगितलं की डिसेंबरात पुन्हा जायचं आहे, लाल समुद्रात, तिथे तर एका मागोमाग एक जहाजं बुडालेली आहेत, नुसती बघत सुटायचं. रुचीला काही बोलायचं नाही. फॉर्म येत्या आठवड्यातच भरायचा आहे. “तुझंच नाव राहू दे ना?”

नाही म्हणायचं आहे हे तिला माहीत होतं. ते तिने काल अंधारात बसून ठरवलं होतं, तो जिवंत परतला तर पहिली गोष्ट ही, असं देवीला सांगून ठरवलं होतं. तिने तोंड उघडलं.

“ठेव,” ती म्हणाली, आणि आपल्या आवाजातला आनंद तिला आपल्याच कानांनी ऐकावा लागला.